हाताने केलेले शुभेच्छापत्र : डब्लिनमध्ये शिकलेल्या काही गोष्टी



नव्याचा सण जवळ आला की मुंबईच्या आपल्या घरांत पोस्टमनची वाट पाहिली जाई. पुण्याहून, अहमदाबादहून, अलिबागकडच्या गावांतून कार्डे येत. ती दिवाणखान्यात दोरीवर टांगून ठेवायची आणि सण उलटला की पत्र्याच्या डब्यात जपून ठेवायची, अशी रीत होती. आता तीच शुभेच्छा फोनवर येते. एकच चित्र चाळीस जणांकडून येते आणि बोटाने सरकवले की नाहीसे होते. आम्ही फोनला नावे ठेवत नाही. त्याच फोनवर आम्ही नातवंडांची तोंडे पाहतो. पण तो डब्यात ठेवता येत नाही, एवढे खरे.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही उभयता तीन महिने आयर्लंडला, डब्लिनमध्ये मुलाकडे होतो. पासपोर्टाच्या पाकिटात आम्ही एक जुने कार्ड नेहमी जवळ बाळगतो. आम्ही इस्राएलला आल्यावर पहिल्या सणाला, १९७१ साली, आईने भायखळ्याहून पाठवलेले. नऊ वर्षांच्या नातीला त्यातले मराठी वाचता येईना. तिने अक्षरांवरून बोट फिरवले आणि विचारले, "हे तिने स्वतः लिहिलंय?" हो म्हटल्यावर ती म्हणाली, "मग मलाही असंच एक द्या." तेव्हापासून आम्ही दोघे कागद, कात्री आणि शाई यांच्या मागे लागलो. जून महिन्यात डब्लिनला रात्री दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे कामाला वेळही भरपूर मिळाला. काय चुकले, काय साधले, ते आपल्या वाचकांसाठी लिहीत आहोत.

शुभेच्छा लिहून पाठवण्याची आपली चाल फार जुनी आहे. चौदाव्या-पंधराव्या शतकात जर्मनीत माइन्झ येथे होऊन गेलेले रब्बी याकोव मोएलिन, ज्यांना महारिल म्हणतात, त्यांच्या काळी एलूल महिन्यात लिहिलेल्या प्रत्येक पत्रात नव्या वर्षाची शुभेच्छा घालण्याची पद्धत होती. छापील कार्डे आली ती एकोणिसाव्या शतकात. म्हणजे छापखान्याच्या कार्डाआधी कित्येक शतके हाताचीच शुभेच्छा होती.

कूआला छापखान्याच्या मुली

हाताने कार्डे करण्याच्या बाबतीत आयर्लंडचे एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. १९०२ साली इव्हलिन ग्लीसन या बाईंनी डब्लिनजवळ डनड्रम येथे 'डन एमर' नावाचा हस्तव्यवसाय सुरू केला. भरतकाम, विणकाम आणि छपाई ही कामे तेथे आयरिश मुलींना शिकवली जात. भरतकाम लिली येट्स पाहत आणि छपाई त्यांची बहीण एलिझाबेथ. या दोघी कवी विल्यम बटलर येट्स यांच्या बहिणी. १९०८ मध्ये दोघी वेगळ्या झाल्या आणि त्यांनी 'कूआला' हा आपला व्यवसाय थाटला. आयरिश हातांना घराजवळ चांगले काम मिळावे, हाच सुरुवातीपासूनचा हेतू होता.

छपाईचे यंत्र म्हणजे 'अल्बियन' जातीचा लोखंडी हातदाब. एक मुलगी खिळ्यांवर शाईचा रूळ फिरवी, कागद ठेवी आणि दांडा ओढी. चित्रे बहुधा धाकटे भाऊ जॅक येट्स यांची असत. १९०८ ते १९१५ अशी सात वर्षे दरमहा गाणी आणि चित्रे असलेले एक पत्रक निघे. एकूण ८४ अंक निघाले. प्रत्येकाच्या फक्त ३०० प्रती, आणि चित्रांतले रंग हाताने भरलेले. याच पद्धतीने त्यांची शुभेच्छापत्रेही होत : काळ्या रेषा छापायच्या आणि रंग कुंचल्याने भरायचे.

याच छापखान्याने १९१४ साली रवींद्रनाथ ठाकुरांचे 'डाकघर' हे नाटक इंग्रजीत छापले. आजारी मुलगा खिडकीत बसून राजाच्या पत्राची वाट पाहतो, त्याची ती गोष्ट. जिथे कार्डे तयार होत होती, तिथेच पत्राची वाट पाहण्याचे नाटक छापले गेले, याचे आम्हाला मोठे अप्रूप वाटले.

एलिझाबेथ १९४० मध्ये वारल्या. कवीच्या पत्नी जॉर्ज यांनी काम पुढे चालवले. १९४६ मध्ये पुस्तके छापणे बंद झाले, पण कार्डे आणि चित्रे त्यानंतरही वर्षानुवर्षे निघत राहिली. मोठे काम थांबते तेव्हाही लहान काम चालू राहू शकते. आम्हा वयस्कांना हे ऐकून बरे वाटले.

आता एकेक सामान पाहू.

कागद

आमची पहिली चूक इथेच झाली. दुकानात जो जाड आणि सुंदर दिसला तो कागद आणला. घडी घातली तर पाठीवर पांढरी चीर पडली. बारा कार्डे वाया गेली.

पहिली गोष्ट जाडीची. कागदाची जाडी चौरस मीटरला किती ग्रॅम यावर मोजतात. कचेरीतला साधा कागद ८० ग्रॅमचा असतो. कार्डाला २०० ते ३०० ग्रॅमचा हवा. त्याहून पातळ असेल तर कार्ड उभे राहत नाही.

दुसरी गोष्ट धाग्याच्या दिशेची. यंत्रावर होणाऱ्या कागदात तंतू बहुतेक एकाच दिशेने बसतात. लाकूड जसे शिरेच्या बाजूने सहज फाटते, तसा कागद त्या दिशेने सहज वळतो. घडी तंतूंच्या दिशेलाच घालावी. ओळखायचे कसे? कागद न मोडता दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून पाहा. ज्या बाजूने कमी जोर लागतो, तिकडे घडी. आमची बारा कार्डे उलट्या बाजूने दुमडली होती.

तिसरी गोष्ट टिकण्याची. वर्तमानपत्र दोन-तीन वर्षांत पिवळे का पडते? लाकडाच्या लगद्यात लिग्निन नावाचा पदार्थ असतो, तो उजेडाने पिवळा होतो, आणि कागदातले आम्ल तंतू ठिसूळ करते. कापसाच्या किंवा तागी कापडाच्या चिंध्यांचा कागद शेकडो वर्षे टिकतो. येट्स भगिनी आपला कागद डब्लिनजवळच्या सॅगार्ट गावच्या गिरणीतून घेत, तो चिंध्यांचाच असे. दुकानात 'आम्लमुक्त' किंवा 'कापसाचा' असा शिक्का असलेला कागद मागावा.

आपल्याकडेही हे कसब होते. जुन्नरचा कागद, दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचा कागद प्रसिद्ध होता. पुण्याला १९४० मध्ये हातकागदाची संस्था सुरू झाली. आपल्याकडे कागदाला खळ लावून दगडाने घोटत, म्हणजे शाई पसरत नसे. बिनखळीच्या हातकागदावर पेनाने लिहिले की शाई फुटते. हे आम्ही दुसऱ्या खेपेला अनुभवले. म्हणून कागद घेण्याआधी एका कोपऱ्यावर आपल्या पेनाने नाव लिहून पाहावे.

मापाचेही सोपे गणित आहे. ए-४ कागद २१ बाय २९.७ सेंटिमीटरचा असतो. त्याचे मधोमध दोन तुकडे करावेत. प्रत्येक तुकडा दुमडला की १०.५ बाय १४.८ चे कार्ड होते. त्याला सी-६ नावाचे पाकीट, ११.४ बाय १६.२ चे, बरोबर बसते. पाकिटे आधी घ्यावीत आणि कार्ड त्यांच्या मापाने कापावे. आम्ही उलटे केले आणि पाकिटे घरीच चिकटवत बसलो.

घडी आणि कापणे

जाड कागद नुसता दुमडू नये. आधी पोलादी पट्टी ठेवून बोथट टोकाने एक रेघ दाबून घ्यावी, मग दुमडावे. या कामासाठी बांधणीवाले हाडाची गुळगुळीत पट्टी वापरतात. प्लास्टिकचीही मिळते. घरात नसेल तर संपलेले बॉलपेन रेघेला आणि चमच्याची पाठ घडी बसवायला चालते. चमच्याने घासताना वर साधा कागद ठेवावा, नाहीतर कागदावर चकाकी येते.

कापायला सुरी, खाली रबरी चटई आणि पोलादी पट्टी हवी. प्लास्टिकच्या पट्टीवर सुरी चढते आणि बोट कापले जाते. एका दमात कापू नये. हलक्या हाताने तीन वेळा फिरवावी. बोटे दुखत असतील तर सुरीचे काम नातवंडांच्या आईबापांना सांगावे किंवा दुकानातून कापूनच आणावे. त्यात कमीपणा नाही.

आता आपल्या लोकांची एक खास अडचण. मराठी कार्डाची घडी डावीकडे असते. हिब्रू उजवीकडून वाचतात, म्हणून त्याची घडी उजवीकडे. दोन्ही भाषा एकाच कार्डात लिहायच्या तर? आम्ही घडी वरच्या बाजूला ठेवली आणि कार्ड दिनदर्शिकेच्या पानासारखे वर उघडते असे केले. मग वरच्या अर्ध्यात हिब्रू, खालच्या अर्ध्यात मराठी. कोणीच उलटे बसत नाही.

चिकटवणे

पांढऱ्या गोंदात पाणी असते. ते जास्त लागले की कागद सुरकुततो. थोडा गोंद सपाट कुंचल्याने मधून कडेकडे पसरावा आणि सुकेपर्यंत वर जाड पुस्तक ठेवावे. लहान तुकड्यांना कांडीचा गोंद बरा. घरी मैद्याची खळही उत्तम होते. एक वाटी मैद्याला पाच-सहा वाट्या पाणी घ्यावे, गुठळ्या मोडून मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळावे. ती फ्रिजमध्ये तीन-चार दिवसच टिकते. पूर्वी टिकण्यासाठी लोक तिच्यात मोरचूद घालत. ते विष आहे, घालू नये.

ठसा आणि शाई

एकसारखी वीस कार्डे हवी असतील तर ठसा करावा. सर्वांत सोपा बटाट्याचा. बटाटा अर्धा कापून, कापडाने टिपून, डाळिंबाचा आकार कोरावा. तो काही तासच टिकतो, पण नातवंडे खूश होतात. त्याहून टिकाऊ लिनोलियमचा. लाकडाचा ठसा सर्वांत कठीण. डब्लिनमध्ये हॅरी कर्नॉफ नावाचे यहुदी चित्रकार होते. १९०० साली लंडनला जन्मले आणि १९१४ मध्ये कुटुंबाबरोबर डब्लिनला आले. त्यांनी तिथली दुकाने, गल्ल्या आणि माणसे लाकडी ठशांवर कोरली. वीतभर लाकडात अख्खा रस्ता मावतो, हे त्यांची कामे पाहून कळते.

लिनोलियम कोरण्यासाठी लहान कोरण्या मिळतात. ठोकळा आधी उन्हात किंवा कोमट जागी ठेवला की मऊ होतो आणि मनगटाला कमी त्रास पडतो. कोरणी नेहमी दुसऱ्या हातापासून लांब ढकलावी. आणि हे ध्यानात ठेवावे, की ठशावर सर्व काही उलटे कोरायचे असते. अक्षरे पातळ कागदावर लिहून, कागद पालथा करून ठोकळ्यावर गिरवावीत. आम्ही हे विसरून 'शाना तोवा' सरळ कोरले. छापल्यावर हिब्रू अक्षरे आरशातल्यासारखी डावीकडून उजवीकडे निघाली. नात पोट धरून हसली.

इथे आम्हाला एक गंमत कळली. लिनन कापड होते ते जवसाच्या झाडाच्या धाग्यापासून. त्याच्या चिंध्यांचा कागद. लिनोलियम बनते ते जवसाचे तेल, बुचाचा भुसा आणि राळ यांचे. छपाईची जुनी शाई म्हणजे जवसाचे आटवलेले तेल आणि काजळी. कागद, ठसा आणि शाई, तिन्हींच्या मुळाशी एकच झाड! कोकणात आपल्या पूर्वजांना शनिवार तेली म्हणत. घाण्याच्या तेलाने आपली घरे चालली. त्या लोकांच्या वंशजांनी तेलाच्या शाईला परके मानू नये. मात्र तेलाची शाई वाळायला दिवस लागतात आणि हात धुवायला त्रास होतो. घरात पाण्याने धुतली जाणारी शाई घ्यावी. काचेच्या तुकड्यावर ती रुळाने पातळ पसरावी, ठशावर फिरवावी, कागद ठेवून चमच्याच्या पाठीने गोल गोल घासावा. यंत्राची गरज नाही.

लिहिण्याची शाई वेगळी. ट्रिनिटी कॉलेजात केल्सचा ग्रंथ आहे, सुमारे बाराशे वर्षांपूर्वीचा, ख्रिस्ती मठातला. वासराच्या कातड्यावर, लोहाच्या शाईने लिहिलेला. काचेपलीकडून तो पाहताना आम्हाला आपला सेफर तोरा आठवला. कातडे, पिसाची किंवा बोरूची लेखणी आणि काळी शाई, एवढ्याच सामानावर अक्षरे इतकी टिकली. कार्डासाठी न पुसणारी, रंगद्रव्याची शाई मागावी. साध्या शाईवर नंतर रंग भरला की अक्षरे वाहतात.

रंग

एलिझाबेथ येट्स छपाईला लागण्यापूर्वी मुलांना चित्रकला शिकवत. कुंचल्याच्या कामावर त्यांनी १८९६ पासून पुस्तके लिहिली. कुंचला एकदाच टेकवून एक पाकळी, हे असे काम. म्हाताऱ्या हातांना ते सोयीचे आहे, कारण रेघ ओढावी लागत नाही, फक्त टेकवावे लागते. गोल, टोकदार, सहा किंवा आठ नंबरचा एक कुंचला आणि लाल, पिवळा, निळा असे तीन जलरंग पुरेत. कुंचला पाण्यात उभा ठेवू नये, टोक वाकते. धुऊन आडवा ठेवावा. एका वेळी सर्व कार्डांत लाल भरावा, वाळला की सर्वांत हिरवा. वीस कार्डे अशी लवकर होतात.

थरथरणारा हात

आमच्या दोघांपैकी एकाचा हात थरथरतो. अक्षर हे त्या हाताचे एकेकाळी भूषण होते, म्हणून पहिले काही दिवस तो हात लेखणी घ्यायलाच तयार नव्हता. ठसा मी मारतो, लिही तू, मी नको, असा वाद झाला. मग काही युक्त्या सापडल्या. पेनाला कापडाची पट्टी किंवा स्पंज गुंडाळून ते जाड करावे. कोपर टेबलावर पूर्ण टेकवावा. कार्डाखाली ओलसर फडके ठेवले की कार्ड सरकत नाही. उजेड डावीकडून घ्यावा, डावखुऱ्यांनी उजवीकडून. सकाळी, विश्रांतीनंतर लिहावे. एक शब्द लिहून हात उचलावा, श्वास घ्यावा, मग पुढचा. दिवसाला दोन कार्डे पुरे. आणि मजकूर थोडाच ठेवावा. आईच्या त्या कार्डात मोजून अठरा शब्द आहेत.

शेवटी बारा कार्डे झाली. सहा एका हाताची, सहा दुसऱ्या हाताची. नातीला म्हटले, यातले तुझे तू निवड. तिने वाकड्यातिकड्या अक्षरांचे उचलले. का, म्हणून विचारले तर म्हणाली, "हे कोणी लिहिलंय ते कळतं." मग तिने आपले नाव मराठीत कसे लिहायचे ते विचारले. ती तीन अक्षरे ती आता रोज फोनवर लिहून दाखवते. वाचता यायला वेळ लागेल. आम्हाला तेवढा वेळ मिळावा, अशी आमची प्रार्थना आहे.

कोणी डब्लिनला गेलेच तर दोन जागा जरूर पाहाव्यात. बेगर्स बुश येथे जुन्या लष्करी प्रार्थनाघरात छपाईचे राष्ट्रीय संग्रहालय आहे, तेथे हातदाब आणि खिळे पाहायला मिळतात. आणि पोर्टोबेलो भागात, ज्याला पूर्वी 'छोटे यरुशलेम' म्हणत, वॉलवर्थ रस्त्यावर आयरिश यहुदी संग्रहालय आहे. जुन्या सिनेगॉगच्या इमारतीतले हे संग्रहालय १९८५ मध्ये आपले राष्ट्राध्यक्ष हाइम हर्झोग यांच्या हस्ते उघडले गेले. ते बेलफास्टला जन्मले आणि डब्लिनला वाढले, हे अनेकांना ठाऊक नसते.

खरेदीची यादी

२०० ते ३०० ग्रॅमचा आम्लमुक्त कागद, मापाची पाकिटे, पोलादी पट्टी, सुरी आणि चटई (किंवा चांगली कात्री), रेघ दाबायला संपलेले बॉलपेन, घडीला चमचा, गोंद, एक कुंचला, तीन रंग, न पुसणारे काळे पेन. ठसा करायचा असल्यास लिनोलियमचा तुकडा, दोन कोरण्या, रूळ आणि शाई. एकदम सर्व आणू नये. पहिल्या वर्षी कागद, पेन आणि पाकीट एवढ्यावर भागते.

शाब्बाथ आणि सणाच्या दिवशी लिहिता येत नाही, आणि परदेशची टपाल उशिरा पोचते. म्हणून एलूल लागताच बसावे आणि सणाच्या तीन-चार आठवडे आधी कार्डे पेटीत टाकावीत. पाकिटावर पत्ता त्या देशाच्या लिपीत आणि ठळक लिहावा, आत मात्र मराठी असू द्यावे.

आपल्या सणाच्या शुभेच्छेचा अर्थच असा आहे, की चांगल्या वर्षाच्या वहीत तुमचे नाव लिहिले जावो. ती शुभेच्छा एकदा तरी हाताने लिहावी.

लेशाना तोवा तिकातेवू.